टीव्हीवरची मेंढरं

१४ सप्टें., रविवार
वस्तीवर जाऊन आलो. आबांना दवाखान्यातून घरी आणून आज महिना झाला. उजवी बाजू अजून तशीच लुळी. डावा हात चांगला चालतो. बोलणं तुटक, एका शब्दानंतर दुसरा यायला इतका वेळ लागतो की तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. डोकं मात्र साफ आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. आण्णाला पटत नाही.

दिवस कलला की आबांची मान दाराकडे वळते. मेंढरं वाड्यात घ्यायची वेळ. जन्मभर वाड्याच्या तोंडाशी उभं राहून एकेक मेंढरू मोजून आत घेतलं, आता खाटेवरून भिंत बघतात. आण्णा म्हणाला, "दत्ता, तू आळेफाट्यावरनं सगळ्या जगाला टीव्ही बशिवत फिरतो. बापाला एक बशिव की."

मनाला लागलं. थोरला भाऊ आहे, बोलायचा हक्क आहे. पण टोमणा मारल्याशिवाय काही मागता येत नाही का या माणसाला?

१७ सप्टें., बुध
दुकानातला त्रेचाळीस इंची उचलला, वस्तीवर नेऊन बसवला. डिश नाही, केबल नाही. सिमचा राउटर आणि टीव्हीत अ‍ॅप. लिंक टाकली की चॅनेलची यादी आपोआप येते. फालतू अ‍ॅपं काढून टाकली, अक्षरं मोठी केली, टीव्ही चालू केला की थेट अ‍ॅपच उघडेल असं केलं. सहाशे चॅनेल होते, नऊ ठेवले. कुस्ती, भजन, बातम्या, जुने सिनेमे.

आबांनी पाच मिनिटं बघितलं. मग मान दाराकडे. नऊच्या नऊ चॅनेल नापास.

वहिनी चहा घेऊन आली. "भावजी, मामांना मान्सं बघायची न्हाईत, मेंढरं बघायचीत. तुमच्या डब्यात मेंढरांचा चॅनेल हाय का?" आणि आपल्याच बोलण्यावर हसत सुटली. तिला हसायला कारण लागत नाही.

परत येताना गाडीवर तेच डोक्यात. चॅनेल नसेल तर करता येतो. वाड्यावर कॅमेरा लावायचा, त्याची लिंक यादीत घालायची. टीव्हीला काय, कुस्ती काय नि मेंढरं काय.

२१ सप्टें., रवि
झालं. दिवसभर खांबावर होतो, मांड्या भरून आल्यात.

घर इकडे, वाडा तिकडे, मध्ये चुलत्यांचा तीन एकर ऊस. दोन पुरुष वाढलाय, घरातून वाडा दिसतच नाही. घराच्या पत्र्यावर एक अँटेना, वाड्याच्या खांबावर एक, दोन्ही उसाच्या वर. कॅमेरा वाड्याच्या तोंडावर रोखला. आवाज येत नाही, नुसतं चित्र. यादीत चॅनेल नंबर एक.

सहाच्या आसपास वहिनीने मेंढरं आत घेतली. आबांचा डावा हात मांडीवर. वीस झाली की एक बोट मिटतं. आणखी वीस, दुसरं बोट. शेवटचं मेंढरू आत गेल्यावर म्हणाले, "दोन इसा... सात."

वाड्यावरनं वहिनीचा फोन: "सत्तेचाळीस, भावजी!"

आण्णा तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला. तोंड सकाळीच धुतलं होतं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं काम एकही नाही केलं.

२५ सप्टें., गुरु
आण्णाचा फोन, तणतणत. "तुजा टीव्ही अडकतो."

वाऱ्याने ऊस हलतो, पाती ओली असली की सिग्नल खातात. चित्र थांबतं, गोल चक्र फिरतं, मग एकदम पुढे उडी. त्या उडीत पाच-सहा मेंढरं आत जाऊन बसलेली. आबांची मोजणी एक्केचाळीसवर आली. सहा हरवली म्हणून त्यांनी आण्णाला दोनदा उसाच्या कडेने पिटाळलं. ताटाला हात लावेनात.

"आदी बरं व्हतं," आण्णा म्हणाला. "आदी नुस्तं दार बघायचे."

२७ सप्टें., शनि
घोडेगाव. किराणावाल्या शेठच्या घरी. मागच्या महिन्यात त्यांचीही हीच तक्रार होती, मॅच अडकते. तेव्हा बफर वाढवून दिला होता. सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं होतं, टाकी आधी भरून घ्यायची, मग नळ सोडायचा, वरून पाणी कमीजास्त आलं तरी धार तुटत नाही. आज नवीनच. शेठ म्हणाले, "अहो, शेजारी आधी ओरडतात, मग आमच्याकडे विकेट पडते."

मी म्हणालो, "शेठ, अडकणारी मॅच बघायची का सलग?"

"सलग."

"मग शेजाऱ्याचं ऐकू नका."

सगळं घर हसलं. चहा, फरसाण झालं. या धंद्यात एक गोष्ट कळलीय. फिरणारं चक्र गिऱ्हाईक कधी माफ करत नाही. चित्र किती मागून येतंय, ते कुणी विचारत नाही.

२८ सप्टें., रवि
वस्तीवर. बफर तीन सेकंद होता, तीस केला. त्याच्या पुढे अ‍ॅपमध्ये जातच नाही. आता लोण्यासारखं चालतं. कोपऱ्यात कॅमेऱ्याचं घड्याळ दिसायचं, ते नेमकं वाड्याच्या तोंडावर येत होतं. आबा म्हणाले, "आकडं... काढ." काढले.

मोजणी सत्तेचाळीस. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बेस." लहानपणापासून हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्या वाट्याला दोन-तीनदाच आला असेल.

७ ऑक्टो., मंगळ
बिबट्या आलाय. ओढ्याकडच्या वस्तीवरची शेळी नेली. आमच्या उसाच्या कडेलाही पाय उमटलेत. वनखात्याची माणसं सांगून गेली, दिवस मावळताना एकट्याने फिरू नका.

म्हणजे वहिनी वाडा लावते तोवर आण्णाने काठी घेऊन तिथे उभं राहायचं. डेअरीत दूध घालायची वेळ नेमकी तीच. दोघांची रोज चिडचिड.

आबांनी टीव्हीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी राखतो.

कल्पना चांगली होती. डाव्या हाताखाली बटण दिलं, वाड्याच्या खांबावर भोंगा. आबा दाबणार, भोंगा बोंबलणार, बिबट्या पळणार. तीनदा दाबून बघितलं, दाबलं की लगेच वाजतो. आवाज पार रस्त्यापर्यंत. आबा ताठ बसले होते. कामावर लागल्यासारखे.

"आता दोघांनी थांबायची गरज नाही," असं मीच म्हणालो.

१४ ऑक्टो., मंगळ
काल संध्याकाळी भोंगा वाजला. आण्णा धावत गेला तर काही नाही, वहिनी एकटी हसत उभी. परकं कुत्रं आलं होतं, तिने दगड भिरकावला, ते पळालं, आणि सगळं निवांत झाल्यावर भोंगा. आज मी गेलो तेव्हा म्हणाली, "भावजी, तुमचा भोंगा तुमच्या भावासारका हाय. समदं उरकलं की येतो."

मी म्हणालो, "आबांचा हात आता जरा हळू चालतो, वहिनी."

आबा तिथेच होते. आण्णाही.

२२ ऑक्टो., पाडवा
मेंढरांना अंघोळी, शिंगांना गेरू, पाठीवर रंगाचे पंजे. वहिनीने मोठा एडका शिंगाला धरून कॅमेऱ्यासमोर आणला आणि त्याचं तोंड वर करून धरलं, आबांना बघायला. एडका काही ऐकेना, तीच दोनदा पडता पडता वाचली. आबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा आवाज करून हसले.

४ नोव्हें., मंगळ
काल संध्याकाळी वहिनी गेली. बिबट्याने. वाड्याच्या तोंडाशी.

अजून काही लिहवत नाही.

६ नोव्हें., गुरु
पिंजरा लावलाय. वनखात्याचे लोक, पोलीस पाटील, अख्खी आळी अंगणात. आण्णाने सगळं सांगितलं, मी शेजारीच उभा होतो. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो.

"मी दुधाच्या किटल्या घिऊन रस्त्याला लागलो व्हतो. तिची किंकाळी आली. किटल्या टाकल्या, उसाच्या कडंनं पळालो. कोपऱ्याला आलो नि मंग भोंगा वाजला. ती पडल्यावर वाजला. म्हाताऱ्याला डुलकी लागली आसंल. न्हाईतर हात हळू चालतो त्यांचा, दत्त्या सोताच म्हणला व्हता."

दार उघडंच होतं. आत खाटेवर आबा ऐकत होते. जोर लावून म्हणाले, "बसला... व्हता."

"कोण?"

"त्यो. मी... दाबलं. वाजला. तरी... बसला व्हता."

आण्णा लोकांकडे वळला. "आयका. भोंगा वाजतोय नि वाघ म्हणं निवांत बसून व्हता!" कुणी हसलं नाही. एकजण हळूच म्हणाला, अशा दुखण्यात डोक्यावर परिणाम होतोच.

हिशेब करावा लागला नाही, आपोआप झाला.

तीस सेकंद.

आबांनी पडद्यावर जो बिबट्या बसलेला बघितला, तो अर्ध्या मिनिटापूर्वीचा होता. त्यांनी क्षणही न दवडता बटण दाबलं. भोंगा घरात ऐकू आला, आणि पडद्यावर बिबट्या भोंग्याला न जुमानता बसलेला, वहिनी पाठमोरी दार लावतेय. त्यांच्या डोळ्यांसमोर ती अजून जिवंत होती. तिकडे सगळं संपलं होतं. मग आत खाटेवर पडून त्यांनी ते संपताना बघितलं. वर भोंगा वाजत असताना.

बफर तीनवर असता तर तो बसलेला होता तेव्हाच वाजला असता.

मी काही बोललो नाही. पंचवीस-तीस माणसं होती. बोललो नाही.

९ नोव्हें., रवि
आण्णा मळ्यात गेल्यावर टीव्ही लावला. मेनू उघडला. ३०. मीच केलेला. चुकून दुसरा कुठला आकडा असेल अशी वेडी आशा होती.

शून्य केला आणि बंद केला.

का केला? आता तिथे कोण राखण करणार आहे? मेनू उघडता येणारा माणूस वस्तीवर माझ्याशिवाय एकही नाही, कुणी तपासायला येणार नव्हतं. तरी पुसलं. चोर पावलं पुसतो तसं. मागे वळलो तर आबा जागे. माझ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

१३ नोव्हें., गुरु
काल दहावा. आण्णाची मुलगी सासरहून आलीय, तिच्याकडे बघवत नाही. तिनेही आजोबांना विचारलं, "आबा, तुमाला दिसला न्हाई का ओ?" रागाने नाही. नुसतं विचारलं.

आण्णा आबांशी बोलत नाही. ताट ठेवतो नि जातो. टीव्हीचं तोंड त्याने भिंतीकडे फिरवलंय.

मी निघताना आबांनी मनगट धरलं. कपाळाला बोट लावून म्हणाले, "ह्ये... गेलं का?"

"काय, आबा?"

"वाजताना... बसल्याला. बगितला मी." बोट कपाळावरच होतं. "का... डोकं गेलं?"

त्यांना उत्तर पाहिजे होतं, आणि जगात ते एकट्या माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "पडा जरा. आराम करा."

मी असा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

१६ नोव्हें., रवि
आबांना आळेफाट्याला आणलं. आण्णाच म्हणाला, "घिऊन जा. मला त्यांचं त्वांड बघवत न्हाई." गाडी निघाली तेव्हा बाहेर आला नाही.

सुरेखा दोन-दोन चमचे भरवते. तिसऱ्याला आबा तोंड मिटतात. ती म्हणाली, "अहो, मामांनी मनाला लावून घेतलंय. तुम्ही मोकळेपणानं बोला ना त्यांच्याशी." तिला काही ठाऊक नाही. दुकानात आज तीन तक्रारी आल्या, तिन्ही अडकतं म्हणून. बफर वाढवून मागतात. एकाचंही काम घेतलं नाही, कामावरच्या पोरावर उगाच खेकसलो, शटर ओढलं.

१९ नोव्हें., बुध
सांगितलं.

तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आधी दाखवलं. कॅमेरा स्वयंपाकघरात ठेवला, बाहेरच्या टीव्हीला जोडला, बफर तीस. आबांना टेकवून बसवलं. आत सुरेखा भाकरी थापत होती. ती पडद्यावर दिसायला लागली. मग तिला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली आणि आबांच्या खाटेशी उभी राहिली.

पडद्यावर ती आतच. भाकरी थापतेय.

आबांनी तिच्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. परत तिच्याकडे. डावा हात लांब करून तिच्या पदराला लावून बघितला. पडद्यावरची सुरेखा तेव्हा कुठे हात पुसत उठली.

मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं होतं. तरी बोललो. सगळं बोललो. बफर कधी वाढवला, का वाढवला, वहिनीने भोंग्याची थट्टा केली तेव्हा तुमच्या हातावर कसं ढकललं, अंगणात कसा गप्प उभा राहिलो, मेनूत जाऊन शून्य कसा केला. सुरेखा भिंतीला धरून खाली बसली. मी आबांच्या पायावर डोकं ठेवलं, उजव्या पायावर, त्यात त्यांना काही कळत नाही हेही लक्षात राहिलं नाही.

त्यांनी तळहात स्वतःच्या कपाळावर ठेवला. "बरं हाय," म्हणाले. "डोकं... बरं हाय." आणि रडायला लागले. त्यात सुटल्यासारखंही काहीतरी होतं. सुरेखाने दूध आणलं तर सगळं प्यायले.

मी म्हणालो, उद्याच आण्णाला सांगतो.

त्यांनी मान हलवली. नाही.

"का?"

शब्द जुळवायला फार वेळ लागला. मी थांबलो. या वेळी उठून गेलो नाही. "त्येची... बायकू गेली." मग श्वास. "भाऊ... बी जाईल."

"पण तो तुम्हाला दोष देतोय, आबा."

"दिऊ दे. मी... किती दीस."

२० नोव्हें., गुरु
सुरेखा माझ्याशी बोलत नाही. आबांना वरण-भात भरवला, अर्धी वाटी गेली. त्यांचा चेहरा निवळलाय. त्या चेहऱ्याकडे बघून जास्तच लाज वाटते. म्हाताऱ्या बापाच्या आड लपून बसायचं, आणि तोच म्हणतोय बस म्हणून.

सांगितलं तर आण्णा मला आयुष्यात उंबरा चढू देणार नाही. नाही सांगितलं तर बाप त्याच्या लेखी झोपाळू म्हातारा म्हणूनच जाणार. दिवसभर हेच. एका घरी अँटेना उलटी लावून आलो, परत जाऊन फिरवावी लागली.

२१ नोव्हें., शुक्र
आण्णा आला होता. न सांगता. आबांची घोंगडी आणि औषधांची पिशवी घेऊन. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण तुटलेलं, वहिनी असती तर तसं बाहेर पडू दिलं नसतं. खुर्चीवर बसला, आबांकडे पाठ करून. चहा झाला. सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी.

मग म्हणाला, "दत्ता, तुला मशिनीतलं कळतं. मला झोप न्हाई. परत परत त्येच आयकू येतं, आदी ती नि मंग भोंगा. आबा तवा म्हणत व्हते, मी दाबलं. लोकांदेखत मी लई बोललो त्यास्नी." खालीच बघत होता. "तू एकच सांग. त्यांनी येळंवर दाबलं व्हतं, का न्हाई? दाबलं आसंल तर मी हितं त्यांच्या पाया पडतो. न्हाईतर मंग न्हाई."

त्याच्या खांद्यावरून मला आबा दिसत होते. माझ्याकडेच बघत होते. मान हलवली, थोडीशीच. नाही.

तोंड उघडलं. शब्द आला होता, अगदी ओठांवर होता.

"मशीन उघडून बघावं लागेल," मी म्हणालो. "रविवारी वस्तीवर येतो. मग सांगतो."

"बघ," आण्णा म्हणाला. "मी घरीच थांबतो."

जाताना खाटेजवळ थबकला. घोंगडी उलगडून आबांच्या पायावर घातली, दोन्ही पायांवर नीट ओढली, तोंडाकडे न बघता. आणि गेला.

आबांनी डोळे मिटून घेतलेत. जेवायला उठवलं तर उठले नाहीत. सुरेखा मघाशी येऊन एवढंच म्हणाली, "रविवार परवाच आहे."